कडेच्या पाच ओळी

पिकाच्या बीजात मनुष्याने हात घालावा की नाही, हा वाद आपल्या देशात पुष्कळ वर्षे गाजत आहे. एका पक्षाला त्यात सृष्टिक्रमाचा भंग दिसतो, तर दुसऱ्याला शेतकऱ्याच्या दैन्यावरील उपाय. ह्या गदारोळात शेताच्या बांधावरचा एक साधा नैतिक प्रश्न मात्र मागे पडला. तो आहे कपाशीच्या कडेला पेरावयाच्या पाच ओळींचा. श्रोतेहो, आज त्या ओळींचाच इतिहास मी आपणापुढे ठेवणार आहे.

ह्या कथेचा आरंभ एका सूक्ष्म जिवाणूपासून होतो. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता ह्यांना रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो आढळला. पुढे १९११ साली जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर ह्यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला, आणि त्या प्रांतावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजेन्सिस' हे नाव पडले. त्याचेच आद्याक्षरी रूप म्हणजे बीटी. हा जिवाणू असे एक प्रथिन निर्माण करतो की, ते पोटात जाताच अळीचे आतडे नाश पावते. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले, आणि १९९६ साली अमेरिकेत असे बियाणे विक्रीस आले.

भारतात २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना सरकारी समितीने परवानगी दिली. तत्पूर्वी, २००१ साली, गुजरातेत विनापरवाना पेरलेली बीटी कपाशी उघडकीस आलीच होती. परवानगीला एक अट होती. बीटी कपाशीच्या सभोवती साध्या कपाशीच्या निदान पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, ह्यांपैकी जे अधिक असेल तेवढे पेरावे. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे पाकीट देण्यात येई.

ही अट कशासाठी? असंख्य अळ्यांत एखादी अशी निपजते की, तिला ते विष बाधत नाही. सर्वत्र बीटीच असेल, तर अशाच अळ्या वाचतात, त्यांचे पतंग आपसांत जुगतात आणि विष पचविणारी प्रजा वाढते. कडेच्या साध्या कपाशीवर मात्र सामान्य अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांशी संकर झाला की पुढील पिढी पुन्हा विषाला बळी पडते. म्हणजे त्या ओळी अळीला द्यावयाच्या, आणि त्या मोबदल्यात सर्व गावाची कपाशी राखावयाची.

पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब परवडणार कसा? त्याचा एक एकर त्यात जाई. बियाण्याचे पाकीट पहिल्या वर्षांत सुमारे १६०० रुपयांना मिळे. आंध्र प्रदेश सरकारच्या तक्रारीनंतर २००६ साली ते ७५० रुपयांवर आले. कर्ज काढून बी घेणाऱ्याने पाचवा हिस्सा अळीला सोडावा, आणि त्याचे फळ मात्र शेजाऱ्यालाही मिळावे! पुष्कळांनी ते छोटे पाकीट पेरलेच नाही. त्यांना केवळ स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल.

आरंभीची वर्षे भरभराटीची गेली. २००२-०३ साली देशात १३६ लक्ष गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ साली तो ३९८ लक्ष गाठींवर गेला. ह्यात पाऊसपाणी, सिंचन आणि खते ह्यांचाही वाटा होता. तरी बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हेही खरे. परंतु २०१० साली गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले. दोन जनुकांचे बियाणे २००६ सालीच आले होते. पुढील काही वर्षांत तेही निष्प्रभ ठरू लागले. लांब मुदतीच्या संकरित वाणांनी आणि फरदड घेण्याच्या प्रथेने अळीला थंडीतही अन्न पुरविले.

तिकडे अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात शेतकऱ्यांनी राखीव पट्टे बहुतांशी पाळले. २००६ पासून वांझ केलेले पतंगही सोडण्यात आले, आणि २०१८ साली अमेरिकेच्या कपाशीतून ती अळी नाहीशी झाल्याचे सरकारने जाहीर केले. जनुक तेच, अळीही तीच. मात्र तेथे शेते मोठी होती, देखरेख होती आणि पट्ट्याचा भार सोसण्याची ऐपत होती.

नव्या बीजाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेत सुटत नाही, हा ह्या इतिहासाचा बोध होय. अळीची विषापुढील दुर्बलता ही विहिरीच्या पाण्यासारखी सर्वांची ठेव होती. तिचा लाभ विक्रेत्याने घेतला, सरकारने घेतला, आपणही स्वस्त कापडाच्या रूपाने घेतला; राखण्याचे काम मात्र सर्वांत अल्प साधनांच्या माणसावर सोपविले. बीटी वांग्याला २०१० साली स्थगिती मिळाली, परंतु नवी बीजे येतच राहतील. तेव्हा ती निर्धोक आहेत काय, हे विचारावेच. आणि त्यासोबत हेही विचारावे की, कडेच्या पाच ओळींचे मोल कोण देणार?