वाळ्याच्या ताटीपासून कूलरपर्यंत

नागपुरास मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढला, की हॉटेलात उतरणारा पाहुणा भाड्याची चौकशी मागाहून करतो. खोली थंड आहे काय, हे आधी विचारतो. हा थंडावा मालकास कितीला पडतो, याची कथा बरीच जुनी आहे.

1867 मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली व मध्यप्रांताच्या या राजधानीत अंमलदार, वकील आणि कापसाचे व्यापारी यांची ये-जा वाढली. त्या काळी अशा कोरड्या मुलखातील डाक बंगल्यांतून व साहेबी हॉटेलांतून दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत आणि भिस्ती त्यांवर पखालीतून पाणी शिंपीत असे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि ती आत शिरणाऱ्या झळांतूनच घेतली जाते. ‘थर्मँटिडोट’ नावाची एक लाकडी पेटीही साहेबलोक वापरीत. तिच्या बाजूंना ओल्या ताट्या व आत हाताने फिरविण्याचा पंखा असे. आजच्या कूलरची ती आजीच म्हणावयाची!

ही व्यवस्था स्वस्त होती खरी. पण कोणाच्या जिवावर? छताचा पंखा ओढणारा गडी व्हरांड्यात बसून तुटपुंज्या मजुरीवर रात्रभर दोरी ओढीत असे. विजेचे बिल नव्हते. ते त्याच्या झोपेतून वसूल होत होते.

नागपुरास 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी 1903 मध्ये मुंबईस ताजमहाल हॉटेल उघडले, तेव्हा तेथे विजेचे दिवे व पंखे आले. वीज जशी इतरत्र पसरली, तशी दोरी ओढणाऱ्याची सुटका झाली आणि खर्च प्रथमच मालकाच्या वहीत उमटू लागला.

पुढे वातानुकूलन आले, तेव्हा तर हा आकडा डोळ्यांत भरू लागला. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालताना सुमारे 1500 वॅट वीज घेते; खोलीच्या कूलरचा पंखा व पंप मिळून 200 वॅटच्या आसपास. म्हणून नागपूरच्या लहान हॉटेलांनी कूलर सोडला नाही. त्याच्या बाजूच्या गवताच्या चौकटीस नागपूरकर अजूनही ताटीच म्हणतात. मात्र ओली हवा बाहेर जाण्यास वाट हवी. नवखा पाहुणा खिडक्या घट्ट लावतो आणि कूलर बिघडल्याची तक्रार करतो!

आणखी एक खर्च वीजबिलात दिसत नाही, तो पाण्याचा. कूलर तासाला कित्येक लिटर पाणी पितो, आणि तेही नेमके ज्या महिन्यांत शहराच्या काही वस्त्यांत टँकरची वाट पाहावी लागते, त्याच महिन्यांत. पाऊस सुरू झाला, की दमट हवेत वाफ होईनाशी होते, कूलर निरुपयोगी ठरतो आणि ताट्या उतरवून माळ्यावर टाकल्या जातात.