सव्वा महिना कुणाच्या वाट्याला?

आपल्या फुलंब्रीकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. शेक, मालिश, डिंकाचे लाडू. त्यातली विटाळाची कल्पना आपण सोडूनच द्यायला हवी. पण त्याच प्रथेनं आईला आणि बाळाला एकमेकांची ओळख व्हायला निवांत वेळ दिला, हेही खरं. लहान मुलाच्या मनाच्या वाढीला आईचा किंवा आईसारख्या माणसाचा अखंड, मायेचा सहवास लागतो, असं जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मांडलं, ते 1951 साली.

आता बघा, हा वेळ मिळत कुणाला होता? ज्या घरात बसून खायला धान्य होतं, त्या घरातल्या बाईला. रोजावर जगणाऱ्या बाईला कुठला सव्वा महिना?

हा प्रश्न रूढीकडून कायद्याकडे आला. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे. म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. 1929 साली मुंबई प्रांतात कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी कायदा झाला. 1961 च्या केंद्रीय कायद्यानं 12 आठवडे दिले. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26.

पण आपल्या शिवारात कापूस वेचणारीला रजा कोण देणार? पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये आहेत. त्यात किती दिवसांची मजुरी भरून निघते, हिशोब करा. म्हणून बाळंतीण गप्प-गप्प दिसली, तर तिच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी आपण एवढंच विचारू: ती कितव्या दिवशी वेचणीला गेली?