गणतीबाहेरच्या बायका

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये आता क्रिकेटचं मैदान आहे, हिंदू सोसायटीचं देऊळ आहे, पोहे-साबुदाणा मिळणारी दुकानं आहेत. २०२०च्या जनगणनेत गावातली निम्म्याच्या आसपास माणसं आशियाई वंशाची निघाली. त्यामुळे नव्याने आलेल्या आपल्या पोरांना वाटतं, गाव आयटीवाल्यांनी वसवलं. गाव जुनं आहे. १८५२ साली जेरेमाया मॉरिस नावाच्या माणसाने रेल्वे स्टेशनसाठी जमीन दिली, नाव त्याचंच. गुलामगिरी संपल्यावर सुटलेल्या माणसांनी इथेच शायलोची वस्ती केली आणि बॅप्टिस्ट चर्च उभं केलं. क्रिकेटला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना शायलो हे नाव माहीत असतं.

मी मूळची सांगलीची. नोकरी केली ती शेजारच्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये, औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासायची. वय, लिंग, वंश, वजन, कोणत्या तारखेला कोणती गोळी: आयुष्य रकान्यांत गेलं. या कामात एक खोड लागते. कुठलाही मोठा शोध वाचला की आधी तक्ता बघायचा, त्यात कोण आहे आणि कोण नाही ते. इथल्या एचआयव्हीचा इतिहास मी तसाच वाचत आले.

बरोज वेलकम ही औषध कंपनी १९७० साली न्यूयॉर्कजवळून या पार्कमध्ये आली. पॉल रुडॉल्फने तिच्यासाठी बांधलेली तिरप्या भिंतींची इमारत २०२१मध्ये पाडली, तेव्हा वास्तुकलेची माणसं हळहळली. माझ्या दृष्टीने त्या इमारतीची खरी ओळख एझेडटी, एचआयव्हीवरचं औषध. मूळ रसायन १९६४ साली डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी कॅन्सरसाठी तयार केलेलं आणि निरुपयोगी म्हणून बाजूला पडलेलं. बरोज वेलकममध्ये जॅनेट राइडाउट यांनी ते पुन्हा निवडून काढलं, मार्टी सेंट क्लेअर यांनी विषाणूंवर तपासलं. चाचणीत २८२ रुग्ण होते. एझेडटी घेणाऱ्यांत एक दगावला, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकोणीस. सप्टेंबर १९८६मध्ये चाचणी मध्येच थांबवली आणि मार्च १९८७मध्ये औषध मंजूर झालं. किंमत वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर. या किमतीच्या निषेधात एप्रिल १९८९मध्ये एड्स कार्यकर्ते पीटर स्टेली आणि त्यांचे तीन साथीदार सूट-टाय घालून कंपनीत शिरले आणि एका खोलीत स्वतःला आतून ड्रिलने बंद करून घेतलं. सप्टेंबरमध्ये किंमत २० टक्क्यांनी उतरली.

ही गोष्ट इथे अभिमानाने सांगतात, आणि सांगावी अशीच आहे. प्रयोगशाळेत बायका होत्या, त्यांची नावंही आहेत. त्या २८२ जणांत मात्र जवळजवळ सगळे पुरुष.

बायकांना हा आजार तेव्हाही होत होता. फक्त त्या आजाराला एड्स म्हणायचं की नाही, हे ठरवणारी यादी पुरुषांची दुखणी बघून बनवलेली होती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर यादीत नव्हता. यादीत नाही म्हणून एड्स नाही, एड्स नाही म्हणून अपंगत्वाचा भत्ता नाही. बाई मरायची, पण मृत्यूची नोंद दुसऱ्याच कशाखाली व्हायची. हे उलटवायला जे झगडले त्यांत कॅटरिना हॅस्लिप हे नाव मला सगळ्यात मोठं वाटतं. कृष्णवर्णीय, मुस्लिम, न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स तुरुंगातली कैदी. तिथल्या बायकांनी आजारी कैद्यांसाठी स्वतःचा गट काढला, त्यात कॅटरिना होती. तुरुंगाच्या ग्रंथालयात ती कायदा शिकली. सुटल्यावर, पॅरोलच्या अटी मोडून, ऑक्टोबर १९९०मध्ये ही यादी बदलण्यासाठीच्या वॉशिंग्टनच्या निदर्शनात बोलायला गेली. सरकारने व्याख्या बदलली ती १ जानेवारी १९९३पासून. कॅटरिना २ डिसेंबर १९९२ला गेली होती.

एक कैदी बाई आणि केंद्र सरकारची आरोग्य यंत्रणा. कॅटरिनाकडे पैसा नव्हता, पद नव्हतं, तब्येतही नव्हती. सुधारणेचं श्रेय वकिलांना आणि डॉक्टरांना देण्याची आपल्याकडेही सवय आहे. वकील इथेही होते. पण कोणती दुखणी यादीत नाहीत, हे त्यांना सांगणाऱ्या या बायका होत्या.

आता नॉर्थ कॅरोलायना. इथे सरकारी दवाखान्यावर कृष्णवर्णीय बायकांचा विश्वास का नाही, असं लोक सहज विचारतात, जणू तो त्यांच्या अडाणीपणाचा प्रश्न आहे. या राज्यात नसबंदीचं एक मंडळ होतं. त्याने १९७४पर्यंत सुमारे ७,६०० लोकांची नसबंदी मंजूर केली, आणि शेवटच्या दशकात त्यांत बहुतेक बायका होत्या, त्यातही कृष्णवर्णीय जास्त. इलेन रिडिक चौदा वर्षांची होती. बलात्कारातून मूल झालं आणि १९६८ साली त्या बाळंतपणातच तिची शस्त्रक्रिया उरकली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीने संमतीच्या कागदावर फुली मारली. पुढे इलेनने जाहीरपणे, वर्षानुवर्षं हे सांगितलं, कोर्टात हरली तरी सांगितलं, आणि २०१३ साली राज्याने अशा माणसांसाठी एक कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ज्या घरातल्या आजीने अशी फुली मारलेली असते, त्या घरातली नात रक्त तपासायला कुणाकडे जाईल?

ती चर्चला जाते. हे ओळखलं पर्नेसा सील यांनी. साउथ कॅरोलायनात वाढलेल्या, हार्लेमच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रतिकारशक्तिशास्त्रज्ञ. रुग्ण मरणाच्या दारात, आणि पाद्री फिरकत नाहीत. १९८९ साली त्यांनी हार्लेममध्ये एड्ससाठी प्रार्थनेचा आठवडा सुरू केला. त्याच वर्षी अटलांटात डॅझन डिक्सन डायलो यांनी याच आजाराशी झगडणाऱ्या बायकांसाठी सिस्टरलव्ह ही संस्था काढली. पुढे पुढे व्यासपीठावरून एड्सचा उच्चार करणं दक्षिणेतल्या काही चर्चना जमू लागलं, सगळ्यांना नाही.

५ ऑक्टोबर २००४, क्लीव्हलंड. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची चर्चा टीव्हीवर चालू होती. ग्वेन आयफिल या कृष्णवर्णीय पत्रकार प्रश्न विचारत होत्या. त्यांनी बजावलं की चीन-आफ्रिकेतल्या एड्सबद्दल बोलू नका, या देशातल्याबद्दल बोला; २५ ते ४४ वयातल्या कृष्णवर्णीय बायका या आजाराने मरण्याची शक्यता इतर बायकांच्या तेरापट आहे. डिक चेनी म्हणाले, हे आकडे त्यांनी ऐकलेले नाहीत. दुसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स आमचेच, नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर. त्यांनी सुरुवात केली ती आफ्रिका आणि रशियापासून.

हे मला आजही चीड आणणारं वाटतं, कारण उत्तर एडवर्ड्सच्या राज्यातच होतं. आदल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीय बायकांमध्ये नव्या लागणीचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या चौदापट नोंदलेलं होतं. २००४च्या ऑगस्टमध्येच त्याचा तपास सुरू झाला. अहवाल २००५च्या फेब्रुवारीत आला. लागण झालेल्या आणि न झालेल्या कृष्णवर्णीय बायकांची तुलना केली, तर धोक्याचं म्हणतात ते वागणं दोन्हीकडे होतं. लागण झालेल्यांत बेरोजगार जास्त, सरकारी मदतीवर जगणाऱ्या जास्त.

या गुंत्याची उकल करणाऱ्या डॉ. अडाओरा अडिमोरा चॅपल हिलच्या विद्यापीठात होत्या, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्या संसर्गरोगाच्या डॉक्टर, कृष्णवर्णीय, ओपीडीत बसणाऱ्या. नव्वदच्या दशकापासून त्यांच्यासमोर ग्रामीण भागातल्या बायका येत होत्या, ज्यांच्या वागण्यात कुठलाही थरार नव्हता. चर्चला जाणाऱ्या, एका पुरुषाशी एकनिष्ठ. अडिमोरा आणि त्यांचे सहकारी व्हिक्टर शोनबाक यांनी प्रश्नच बदलला. या बायका काय करतात हे पुरे झालं. त्यांच्या भोवती काय केलं गेलंय ते बघा. तुरुंग बघा. एका वस्तीतले तरुण मोठ्या संख्येने आत, काही अकाली मेलेले, म्हणजे बाहेर उरलेले पुरुष कमी. कमी पुरुष म्हणजे बाईला अटी घालायला जागा कमी. नवरा आत गेला की घर मोडतं, दोघंही दुसरा आधार शोधतात, तो सुटून येतो, नाती एकमेकांवर चढतात. वर्णभेदाने वस्त्या वेगळ्या पाडलेल्या, त्यामुळे जोडीदार त्याच लहान वर्तुळातून मिळणार, आणि वर्तुळात विषाणू आधीच असेल तर एकनिष्ठ बाईलाही तो गाठणार. बँकेने कर्ज कुठल्या गल्लीत नाकारलं, न्यायाधीशाने कुणाला किती वर्षं दिली, या गोष्टी त्यांनी साथीच्या शास्त्रात आणून बसवल्या.

मी हे निबंध वाचले तेव्हा आमच्या फॉर्ममधला ‘वंश’ हा रकाना मला वेगळा दिसायला लागला. तोवर तो जणू रक्तगटासारखा, माणसाच्या आतला काहीतरी गुण म्हणून भरला जायचा. अडिमोरांच्या हिशेबाने तो पत्ता होता.

पुढे सहा शहरी भागांत, त्यांत आमचा रॅली-डरहॅमही होता, २,०९९ बायकांचा अभ्यास झाला. ८८ टक्के कृष्णवर्णीय. २०१२ साली निकाल आला: नव्या लागणीचा दर कृष्णवर्णीय बायकांसाठी सरकार धरून चाललेल्या दराच्या सुमारे पाचपट. माणसं मोजली की आकडा वाढतोच, हे आम्हा डेटावाल्यांना नवीन नाही. पण पाचपट फरक म्हणजे या भागांतल्या बायकांकडे तोवर कुणी नीट पाहिलं नव्हतं. अडिमोरा १ जानेवारी २०२४ला वारल्या. त्यांचं नाव आपल्या मंडळींत कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही.

आपल्या देशाचा संबंध इथे दुरून येत नाही, थेट येतो. त्याच चॅपल हिलच्या मायरन कोहेन यांनी नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर चाचणी चालवली: एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, हे २०११मध्ये सिद्ध झालं. त्या जोडप्यांत पुण्याची होती, चेन्नईची होती. चेन्नईची बाजू डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या संस्थेने सांभाळली. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी कुटुंबातल्या. १९८६ साली भारतातली पहिली एचआयव्हीची लागण त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी शोधली, ती सहा वेश्यांच्या रक्तात.

म्हणजे अमेरिकेत बायका मोजणीतच नव्हत्या, आणि आपल्याकडे मोजणीला सुरुवातच याच बायकांपासून झाली. त्यातून वेगळा अन्याय उभा राहिला. आजार त्यांच्यापासून ‘पसरतो’, म्हणून त्यांना तपासा, कोंडा, हाकला. आजार त्यांना देणाऱ्या आणि घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी विचारत नव्हतं. सांगलीत आम्ही मुली गोकुळनगरच्या रस्त्याने जायचं टाळायचो, आणि टाळतो हे घरी कौतुकाने सांगायचो. त्याच गोकुळनगरात १९९२ साली मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने काम सुरू केलं आणि १९९६ साली तिथल्या बायकांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. कितीतरी जणी दलित, कितीतरी देवदासी म्हणून सोडलेल्या. निरोध वाटणं, आजारी बाईला दवाखान्यात नेणं, पोलिसांशी भांडणं ही कामं त्यांनी स्वतःकडे घेतली. वॉशिंग्टनचा पैसा आला तेव्हा अट होती की संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं जाहीर करावं. ‘संग्राम’ने २००५ साली तो पैसा नाकारला. सांगली जिल्ह्यातली संस्था अमेरिकन सरकारला नाही म्हणते, ही बातमी माझ्या माहेरच्या घरात पोचायला कितीतरी वर्षं लागली. ती मी इथे, एका अमेरिकन सहकारी बाईंकडून ऐकली.

जातीचा आणि वर्णाचा सरधोपट मेळ घालायची घाई मी करणार नाही. बेडफर्ड हिल्स आणि गोकुळनगर यांत अंतर खूप आहे. पण ‘रोग पसरवणारी’ हा शिक्का नाकारून आजाराची व्याख्या आपल्या हातात घेण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते, आणि एकीने दुसरीकडून ती उसनी घेतलेली नाही.

तक्त्यांची सवय मात्र मोडत नाही. लागण टाळणारी डेस्कोव्ही ही गोळी ऑक्टोबर २०१९मध्ये मंजूर झाली, तेव्हा बहुतेक बायका वगळून. चाचणी पुरुष आणि ट्रान्स बायकांवरच केली होती. दोन महिन्यांनी एकदा घ्यायच्या कॅबोटेग्राव्हिर इंजेक्शनची चाचणी उलट ३,२२४ आफ्रिकी बायकांवर झाली, तिची व्यवस्था डरहॅममधून पाहिली गेली, आणि डिसेंबर २०२१मध्ये ते मंजूर झालं. एका डोसाची छापील किंमत तेव्हा सुमारे ३,७०० डॉलर होती. विमा असेल तर प्रश्न नाही. पण नॉर्थ कॅरोलायनात गरिबांचा सरकारी विमा, मेडिकेड, मूल नसलेल्या कमी पगाराच्या बाईला अपंग ठरल्याखेरीज सहसा मिळत नसे. एचआयव्ही झालेल्या बाईने म्हणजे आधी पुरतं आजारी पडायचं, मग कार्ड. हा नियम १ डिसेंबर २०२३ला बदलला आणि सुमारे सहा लाख माणसं पात्र ठरली.