ऐतिहासिक कादंबरी आणि आपण बायका

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या वाचनात गेल्या पावसाळ्यात रणजित देसाई यांची 'स्वामी' वाचून झाली, हे पुष्कळ भगिनींना आठवत असेल. शेवटचे प्रकरण वाचण्याची पाळी माझ्यावर आली होती. थेऊरचा प्रसंग आला आणि माझा कंठ दाटून आला. शेजारच्या वहिनींनी पुस्तक घेतले, दोन ओळी वाचल्या आणि त्याही थांबल्या. शेवटी कोणी वाचले, किती वाचले, कोणास ठाऊक! सगळ्यांचे पदर डोळ्यांना होते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आपल्या सर्वांत वडील काकूंनी विचारले, "हे सगळं असंच झालतं का गं?"

मी लगेच म्हणाले, "हो काकू, इतिहासच आहे तो."

हे उत्तर मला पुढे दोन महिन्यांनी भोवले. माझी धाकटी मुलगी सातवीत आहे. सहामाहीच्या पेपरात थोरल्या माधवराव पेशव्यांची कामगिरी लिहा असा प्रश्न आला. तिने आमच्या वाचनात ऐकलेले माधवराव-रमाबाईंचे बोलणे पानभर लिहिले. चारांपैकी एक गुण मिळाला. मला फार राग आला. मुलीने इतके मनापासून लिहिले आणि बाईंनी लाल रेघ मारली! परंतु मुलगीच म्हणाली, "आई, बाईंचं बरोबर आहे. मी राक्षसभुवनची लढाई लिहिलीच नाही." गोदावरीकाठचे हे राक्षसभुवन आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. तेथे १७६३ मध्ये माधवरावांनी निजामाचा पराभव केला. नदीच्या या काठाला आपला जिल्हा. आम्हां मायलेकींना पेशव्यांच्या शयनगृहातले बोलणे पाठ, आणि घराजवळची लढाई मात्र ठाऊक नाही!

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायचे असे मी ठरवले. मीही सातवीच शिकलेली. पण वाचनाची सवय आहे, आणि आमच्या गल्लीत एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी आपली पुस्तके मोकळ्या मनाने दिली. त्यातून जे कळले ते येथे मांडते.

मराठीत गोष्टीच्या रूपाने इतिहास सांगणे कादंबरीच्या आधीपासून आहे. पूर्वी बखरी होत्या. 'भाऊसाहेबांची बखर' पानिपतावरची. तीत माणसे समोरासमोर बोलतात, रागावतात, रडतात. ते बोलणे लिहिणाऱ्याने स्वतः ऐकले होते असे थोडेच! म्हणजे बखरकारही निम्मा गोष्टकारच. पुढे छापील पुस्तकांचा काळ आला आणि १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' निघाली. ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. काळ शिवरायांचा, परंतु गड आणि माणसे बहुतेक कल्पनेतली. विलायतेत स्कॉट नावाच्या ग्रंथकाराने १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' लिहून ही तऱ्हा लोकप्रिय केली होती, आणि आपल्याकडचे इंग्रजी शिकलेले लेखक त्याची पुस्तके वाचत. नंतर हरि नारायण आपटे आले. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून त्यांची 'उषःकाल' थोडी थोडी येई आणि लोक पुढच्या अंकाची वाट पाहत. आपण आज रात्री मालिकेच्या पुढच्या भागाची पाहतो तशीच. त्यानंतर नाथमाधवांची स्वराज्यावरची पुस्तके घराघरांत वाचली गेली. माझ्या सासूबाईंच्या माहेरी ती जीर्ण होऊन दोऱ्याने बांधून ठेवलेली होती.

एक गोष्ट मला नवलाची वाटली. या कादंबऱ्या लोक वाचू लागले तेव्हा अस्सल कागद छापून यायला नुकती कोठे सुरुवात झाली होती. वि. का. राजवाडे यांनी पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड काढला तो १८९८ मध्ये. म्हणजे गोष्ट आधी घरात आली आणि कागद मागाहून. मग आपल्यासारख्यांच्या मनात गोष्टच घट्ट बसली यात आपला तरी काय दोष?

आता 'स्वामी'कडे येते. ती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर तिची मालिका लागे तेव्हा आम्ही मुली ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या ओटीवर जाऊन बसत असू. तिच्यातले पक्के काय? माधवराव सोळा वर्षांचे असताना पेशवे झाले हे पक्के. काका राघोबादादांशी बेबनाव पक्का. क्षयाने थेऊरला चिंतामणीच्या देवळात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी देह ठेवला हे पक्के, आणि रमाबाई सती गेल्या हेही पक्के. पण दोघांचे एकांतातले बोलणे कोणी कारकुनाने दाराआड उभे राहून टिपले नव्हते. ते देसाईंचे. ज्या बोलण्यावर आपण रडलो ते बहुतेक सारे देसाईंचे आहे, काकू. हे कळल्यावर आपले रडणे खोटे ठरते असे मला वाटत नाही. तारीख वाचून कोणाला रडू येते?

परंतु एका ठिकाणी माझे मन अडते, आणि मंडळात ते बोलून दाखवले तेव्हा दोघी-तिघींना आवडले नव्हते, हे मला माहीत आहे. सतीचा प्रसंग वाचताना आपल्याला वाटते की हे असेच व्हायचे होते, यातच रमाबाईंचे मोठेपण. मीही तसेच समजत होते. गुरुजींच्या पुस्तकांत त्याच पेशवे घराण्यातल्या दुसऱ्या बायका पाहिल्या. थोरले बाजीराव १७४० मध्ये वारले, काशीबाई सती गेल्या नाहीत. त्या काशीयात्रेला गेल्या. नानासाहेब १७६१ मध्ये वारले, गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. मग त्यांचे प्रेम कमी होते काय? रमाबाई तर अगदी तरुण. त्या दिवशी त्यांना कोणी "थांब बाळ" म्हणाले का, त्यांच्या मनात खरोखर काय होते, हे कादंबरीने आपल्या बाजूने सांगून टाकले आहे, आणि इतके सुंदर सांगितले आहे की विचारायचे आपण विसरतो. पुस्तकाची ताकद तीच आणि धोकाही तोच.

त्याच वाड्यात आणखी एक बाई होत्या, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. त्यांच्याकडे जायचे तर वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला हरवून भाऊ परतूरला आले. जुन्या कागदांत पटदूर म्हणतात ते हेच. उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली होती. नानासाहेबांची आणि सरदारांची मसलत येथे झाली, आणि मार्च १७६० मध्ये फौज येथूनच उत्तरेला निघाली. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ साली आली तेव्हापासून ती लढाई ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. पण काचीगुडा-मनमाड मार्गावर परतूर स्टेशन येते तेव्हा गाडीतल्या किती जणांना हे आठवते? मी स्वतः माहेरच्या वाटेवर त्या पाटीवरून शंभरदा गेले असेन. भजी घेतली, मुलांना पाणी पाजले, दुसरे काही मनात आले नाही.

फौजेबरोबर पार्वतीबाई होत्या, इतरही पुष्कळ बायका होत्या, तीर्थयात्रेच्या आशेने निघालेली हजारो बिनलढाऊ माणसे होती. पार्वतीबाई त्या रणातून परत आल्या. भाऊ आले नाहीत. मात्र त्यांनी पती गेला असे मानले नाही, कुंकू पुसले नाही. मध्येच भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याने पुष्कळ धुमाकूळ घातला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. बावीस वर्षे! ना. सं. इनामदार यांनी १९८३ मध्ये 'शिकस्त' लिहिली ती या बाईंवर. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना दोन-चार ओळी मिळतात. कादंबरीत त्या अख्खे पुस्तक बोलतात. इनामदारांनी त्यांच्या मनात शिरून लिहिले ते त्यांचेच म्हणा, पण शिरले तरी! एवढ्या वर्षांत रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावताना त्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न कागद विचारत नाही.

तरी माझी एक तक्रार उरतेच. वाड्यातल्या बायकांचे झाले. परतूरला त्या फौजेचा मुक्काम पडला तेव्हा दुधनेच्या खोऱ्यातल्या गावांतून ज्वारी गेली असेल, कडबा गेला असेल. रात्र रात्र जाती फिरली असतील. ते दळणाऱ्या बायकांवर मी अजून कोणतीही कादंबरी वाचलेली नाही. गुरुजी हसून म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." मी कसली लिहिते! पण माझ्या मुलीने ते ऐकले आहे, आणि हल्ली ती सासूबाईंना जात्याच्या गोष्टी फार विचारते.

काकूंना उत्तर मी दिवाळीच्या आधी त्यांच्या घरी जाऊन दिले. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. पण वाच तू." तेव्हापासून आम्ही वाचताना पेन्सिल जवळ ठेवतो. गुरुजींकडून जे पक्के कळते त्याला समासात बारीक खूण करतो. बाकीचे लेखकाचे म्हणून वाचतो, आणि रडू आले तर रडतो.

येत्या शनिवारपासून 'शिकस्त' सुरू होत आहे. मंडळाच्या कपाटातल्या प्रतीची शेवटची काही पाने गेलेली आहेत. कोणा भगिनीकडे चांगली प्रत असल्यास महिनाभरासाठी द्यावी, पुठ्ठा घालून परत करू.