पुसलेली नोंद व राहिलेली रोजकीर्द

पेढीवरील मुनिमाला रोजकीर्दींतील नोंद खोडण्याची मुभा नसते. चूक झालीच, तर उलट नोंद करावयाची. मूळ आंकडा जागच्या जागीं राहतो. इ. स. १४९४ मध्यें लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानें व्हेनिस येथें छापविलेल्या ग्रंथांत कच्ची वही, रोजकीर्द व खतावणी या तीन वह्यांची पद्धति सविस्तर मांडली. हीच रोजकीर्द पुढें संगणकाच्या पोटांत शिरली. तो इतिहास मनोरंजक आहे, तितकाच सावध करणाराहि आहे.

१९७० नंतरच्या दशकांत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत जिम ग्रे व त्यांचे सहकारी एका प्रश्नाशीं झुंजत होते. एका खात्यांतून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वींच यंत्र बंद पडलें, तर काय करावें? उत्तर पेढीवरचेंच निघालें: खतावणीस हात लावण्यापूर्वीं बदल नोंदवहींत लिहावा. १९९२ मध्यें सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'एरीज' या नांवानें ही रीत शास्त्रशुद्ध मांडली.

२००० मध्यें रिचर्ड हिप यांनीं रचलेला 'एस्क्यूलाइट' हा लहानसा डेटाबेस आज बहुतेक मोबाईल फोनांत आहे. त्याची मूळ रीत अशी, कीं पान बदलण्यापूर्वीं त्याची जुनी प्रत नोंदवहींत उतरून ठेवावयाची, आणि काम तडीस गेलें म्हणजे ती वही टाकून द्यावयाची. २०१० पासूनच्या दुसऱ्या रीतींत नवीं पानें आधीं वहींत लिहिलीं जातात व मागाहून मुख्य फाइलींत उतरतात. परंतु टाकलेली वही म्हणजे जाळलेली वही नव्हे! ती जागा मोकळी झाल्याची खूण तेवढी होते. वर नवें लिखाण पडेपर्यंत जुनीं अक्षरें बहुधा तशींच असतात. मुख्य फाइलींत पुसल्या जागीं शून्यें भरण्याची सोय आहे खरी. पण वहींतली प्रत तिच्या तावडींतून सुटूं शकते. म्हणूनच पुसलेला निरोप तपासणाऱ्याच्या हातीं लागतो.

यांत कोणाचें कपट नाहीं. जी वही अपघातांत आपली रक्कम वांचविते, तीच आपलें गुपितहि जपून ठेवते. युरोपांत २०१८ पासून अमलांत असलेल्या कायद्यानें नागरिकास स्वतःची माहिती पुसवून घेण्याचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या कायद्यांतहि तो आला आहे. एखाद्या रुग्णाचें निदान किंवा एखादें खाजगी पत्र पुसल्याचें आश्वासन देणाऱ्यानें केवळ खतावणी दाखवून भागणार नाहीं. त्याला रोजकीर्दहि उघडून दाखवावी लागेल.