आधी देऊळ की आधी घर?

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढले तेव्हा मी गावीच होतो. आजोबांनी लावलेली रोठा सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झालेली मी खिडकीच्या फटीतून पाहिली. चार दिवसांनी आळीतील मंडळी तोंडाला फडकी बांधून देवळाच्या सभामंडपात जमली. देवळावरची कौले उडाली होती, घरांवरचीही उडाली होती, आणि शाबूत कौले होती थोडी. ती आधी कोठे चढवायची, एवढाच प्रश्न होता.

"देवाला उघड्यावर ठेवून आपण छपराखाली निजायचे काय?" आमचे अण्णा म्हणाले. त्यावर, एरवी वडीलधाऱ्यांसमोर तोंड न उघडणारी शेजारची सून म्हणाली, "अण्णा, देव भिजला तर पुसता येईल. माझं बाळ भिजलं तर काय करू?"

बैठक निर्णय न होताच उठली. ज्याला जे साधले ते त्याने केले. मला मात्र तो प्रश्न चिकटून राहिला. दोन वर्षांनी अमेरिकेत मुलीकडे ह्यूस्टनला गेलो असता एका रविवारी तिने मला गॅल्व्हेस्टन दाखवायला नेले, आणि तेथे तोच प्रश्न एका अख्ख्या शहराला पडला होता असे मला कळले.

गॅल्व्हेस्टन हे टेक्सासच्या किनाऱ्यालगतचे वाळूचे लांबट बेट. 1900 साली तेथे सुमारे 38,000 माणसे राहत होती. कापसाच्या व्यापारावर शहर गबर झाले होते. बेटाची सर्वांत उंच जागा मात्र समुद्रापासून जेमतेम नऊ फूट. 1886 मध्ये त्याच किनाऱ्यावरचे इंडियानोला हे बंदर वादळाने कायमचे उठवले, तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्येही समुद्राला भिंत घालण्याची भाषा निघाली. पण दिवस सुखाचे होते आणि बेत मागे पडला. वेधशाळेचे आयझॅक क्लाइन यांनी तर 1891 मध्ये वर्तमानपत्रात लिहिले की, या शहराला वादळापासून मोठा धोका मानणे हा निव्वळ भ्रम आहे. कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर सागरतारका मेरीची मूर्ती उभी होती. ती आहे तोवर शहराला भय नाही, अशी भाविकांची समजूत. म्हणजे विज्ञानाचा भरवसा आणि देवाचा भरवसा, दोन्ही एकाच बाजूला!

8 सप्टेंबर 1900, शनिवार. आपल्या वांद्र्याला मोत मावलीची जत्रा ज्या सणाला धरून भरते तो मेरीचा जन्मदिवस. त्या दिवशी पंधरा फुटांहून उंच पाणी बेटावर आले. सुमारे 3,600 घरे नाहीशी झाली. मृतांचा आकडा सहा ते आठ हजार धरतात, काही जण बारा हजारही सांगतात. खुद्द क्लाइन यांची गर्भवती पत्नी त्यात गेली.

शहराबाहेर अगदी किनाऱ्यावर सेंट मेरी अनाथालय होते. पीतज्वराच्या साथीपासून मुले दूर राहावीत म्हणून जोगिणींनी मुद्दाम समुद्रकाठची जागा निवडली होती. वादळात मुलांची इमारत खचू लागली, तेव्हा सर्वांना मुलींच्या मजबूत इमारतीत आणले. मुलांचा धीर सुटू नये म्हणून जोगिणींनी त्यांच्याकडून 'लाटांची राणी' हे कोळी लोकांचे मूळ फ्रेंच स्तोत्र म्हणवून घेतले. मग कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या आणवून एकेकीने सहा-सहा, आठ-आठ मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. दहा जोगिणी आणि नव्वद मुले बुडाली. वाचले ते तीन थोराड मुलगे. पाण्यात सापडलेल्या एका झाडाने त्यांना तारले. पुढे वाळूत प्रेते सापडली ती दोरीने बांधलेलीच.

या दोरीपाशी मी बराच वेळ अडलो. ती नसती तर आणखी दोन-चार मुले वाचली असती काय? असतीलही. पण 'आम्ही तुम्हांला सोडणार नाही' हे त्या मुलांना दुसऱ्या कोणत्या भाषेत सांगता आले असते? श्रद्धा माणसांना बांधते, हे खरे. बांधलेली माणसे कोठे उभी आहेत, हे पाहणे मात्र तिचे एकटीचे काम नव्हे.

वादळानंतरचे चित्र दुहेरी आहे. कॅथीड्रल आणि त्यावरची मूर्ती वाचली. इतर कितीतरी चर्चे भुईसपाट झाली. बनाय इस्रायल हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर बचावले होते, तेथे चर्च गमावलेल्या काही ख्रिस्ती मंडळींना उपासनेसाठी जागा मिळाली. ज्यूंचे धर्मगुरू हेन्री कोहेन आणि कॅथलिक धर्मगुरू जेम्स कर्विन खांद्याला खांदा लावून मदतकार्यात उतरले. ती मैत्री टिकली. 1920 नंतर कू क्लक्स क्लानने गावात डोके वर काढले तेव्हा हेच दोघे तिच्या आडवे आले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रेते इतकी होती की पुरणे अशक्य झाले. ती तराफ्यांवर चढवून समुद्रात टाकण्यासाठी काळ्या पुरुषांना बंदुकीच्या धाकाने धरून नेले. समुद्राने प्रेते परत आणून टाकली, मग जागोजाग चिता पेटल्या. वर लुटीचा आळही मुख्यत्वे काळ्यांवरच आला. 78 वर्षांच्या क्लारा बार्टन रेड क्रॉसची मदत घेऊन आल्या, तिच्यातही काळ्यांसाठी शाखा वेगळी. टेक्सासमधील गुलामांच्या मुक्तीची घोषणा 1865 मध्ये ज्या गावात झाली, त्याच गावात हे घडले. पाणी सर्वांच्या घरात सारखे शिरले. ओसरल्यावर जुन्या रेषा जशाच्या तशा वर आल्या.

आणि तरीही पुढची दहा वर्षे या शहराने जे केले त्याला तोड नाही. 1902 ते 1904 या काळात तीन मैलांहून लांब आणि सतरा फूट उंच भिंत बांधली. नंतर शहराची जमीनच उचलली! दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर उचलल्या आणि कालवा खणून आणलेली चिखलवाळू खाली भरली. सेंट पॅट्रिकचे चर्च तीन हजार टनांचे. त्याच्याखाली सातशे स्क्रू-जॅक बसवले. मजूर एका तालावर, एका वेळी पाव फेरा देत, आणि चर्च पाच फूट वर आले. वर उपासना चालूच होती. 1915 मध्ये तसेच मोठे वादळ आले, तेव्हा भिंतीमागे फार थोडी माणसे दगावली. जुने वैभव काही परतले नाही. 1914 मध्ये ह्यूस्टनचा जलमार्ग खुला झाला आणि व्यापार तिकडे गेला. माणसे मात्र राहिली.

परत आल्यावर अण्णांच्या ओटीवर बसून ही सारी हकीकत सांगितली. शेजारची सूनही उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे आधी काय? देऊळ की घर?" अण्णांनी विचारले.

"आधी जमीन, अण्णा. मग दोन्ही तिच्याबरोबर वर येतात."

अण्णा गप्प राहिले. ती म्हणाली, "आणि उचलायचा खर्च कोणाचा?"

मी खरे ते सांगितले. भराव सार्वजनिक पैशाने झाला, पण स्वतःचे घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याला. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याची गोष्ट स्मारकांवर कोरलेली नाही.

"मग तुमचा धडा अर्धाच आहे, काका," ती म्हणाली.

अण्णा हसले. वादळात मोडलेले किनाऱ्यावरचे सुरूचे बन तेव्हाही विरळच होते. "येत्या पावसाळ्यात रोपे लावू," ते म्हणाले, "आणि खड्डे खणायला देवस्थानच्या पेटीतले पैसे काढू." देवाला विचारले पाहिजे, असे त्या वेळी कोणीच म्हणाले नाही.