शनिवार तेल्यांची मशीद

डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजिर म्हणून एक पडकं देऊळ आहे. जुनं जैन देऊळ. लग्न होऊन निपाणीकडून मी गोव्यात आले, तेव्हा सासऱ्यांनी मुद्दाम दाखवायला नेलं होतं. चिऱ्यांच्या भिंती उभ्या आणि पूजेला कोणी नाही. देऊळ मागे ठेवून समाज उठून जातो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. म्हणूनच असेल, महिला मंडळाच्या सहलीत अलिबागच्या इस्रायल आळीत गेलो, तेव्हा बाकीच्या जणी समुद्राकडे निघाल्या आणि माझे पाय सिनेगॉगच्या दारातच थांबले.

ज्यू म्हटलं की आम्हा गोव्याच्या माणसांना पणजीच्या बागेचं नाव आठवतं. गार्सिया दा ओर्ता हा ज्यू घराण्यातला वैद्य 1534 साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. वरकरणी तो ख्रिस्ती होता. 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. 1568 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. शनिवारी धुतलेले कपडे घातले, चूल पेटवली नाही, एवढंसुद्धा संशयाला पुरे होई. शेजारीण आपल्या दोरीवरचे कपडे बघते आहे या धाकात कोण कोणाच्या अडीअडचणीला धावणार? पेडणे-डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून आमच्या नार्व्याला येऊ शकला. ओर्ताच्या माणसांना अशी पलीकडची बाजू मिळाली नाही.

आणि याच किनाऱ्यावर, उत्तरेला अलिबागच्या आसपास, तोच शनिवार लोकांची ओळख झाला होता. तिथले बेने इस्रायल घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली, आणि सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. बस, एवढाच फरक. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज. आडनावं गावावरून: नवगावकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर. बोली मराठी, नेसणं नऊवारी.

सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. पहिली मशीद 1796 मध्ये मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. ते कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ती बांधली असं सांगतात. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे अशा ठिकाणी मशिदी झाल्या. अलिबागची 1848 ची, पुढे 1910 मध्ये नव्याने बांधलेली.

पण मला इमारतीपेक्षा तिच्याभोवतीचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. मुकादम, चौगुला, पैशांचा हिशेब ठेवणारा गबई, मशिदीची देखभाल करणारा समाश, अशी कामं वाटलेली. धर्मग्रंथाची पेटी उघडण्याचा मान कोणाला, यासाठी बोली लागे आणि तो पैसा मशिदीला जाई. आमच्याकडे अभिषेकाचे सवाल होतात तसंच की! मोठ्या आवाजात आकडे बोलणारे पुरुष मला तिथेही डोळ्यांसमोर दिसले, खोटं कशाला सांगू.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गेलेल्या माणसासाठी मुलगा जी प्रार्थना म्हणतो, तीसुद्धा दहा जण असल्याशिवाय होत नाही. म्हणजे एकट्याने दुःख करायची सोयच ठेवलेली नाही. दफनाहून परतल्यावर घरच्यांचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, सात दिवस माणसांनी येऊन बसायचं. बाईच्या मयताला न्हाऊ घालायचं ते बायकांनीच. प्रार्थनेच्या दहांत बायका मोजल्या जात नसत, पण हे सगळं निभावणारे हात कोणाचे, ते तुम्हाला-मला सांगायला नको.

आमची क्षमावाणी होते त्याच्या आगेमागे त्यांचा कडक उपवास येतो. त्याला ते दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालायचे, दिवसभर अन्नपाणी नाही, केल्या चुकांची क्षमा मागायची. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि एकमेकांच्या घरी भेटायला जायचं. शिवाय नवस फेडताना, लग्नकार्यात एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. तो सगळ्यांनी मिळून खायचा.

मुंबईत याच सवयींतून संस्था उभ्या राहिल्या. हाईम सॅम्युअल केहीमकरांच्या पुढाकाराने 1875 मध्ये शाळा निघाली, तीच पुढची सर एली कदूरी शाळा. कीर्तनांतून धर्मकथा सांगायला 1880 मध्ये कीर्तनोत्तेजक मंडळ झालं. कीर्तनं अर्थातच मराठीतून. 1913 मध्ये बायकांचं स्त्री मंडळ. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आलेली रिबेका रूबेन 1922 ते 1950 त्या शाळेची मुख्याध्यापिका होती. माझ्या आजीच्या काळात आमच्यात मुलीला सातवीपुढे शिकवायचं की नाही यावर वाद चालत, म्हणून हे साल मी दोनदा वाचलं.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल वीसेक हजार होते. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. कोणी हाकललं नाही. तिकडे मात्र तुम्ही अस्सल ज्यू का, म्हणून त्यांच्या लग्नांवर शंका घेतली गेली. 1964 मध्ये त्यांच्या आंदोलनानंतर तिथल्या सरकारला बरोबरीचा हक्क स्पष्ट करावा लागला. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना हे विचारावं, याचा मला आजही राग येतो.

इस्रायल आळीत एका वयस्क बाईंशी बोलले. मी विचारलं, "मावशी, दहा जण जमतात का हो?" त्यांनी बोटांवर घरं मोजली, मध्येच थांबल्या. "सणाला मुंबई-ठाण्याची माणसं आली की होतात. एरवी फोन करावा लागतो." मग म्हणाल्या, "तुम्ही जैन ना, मग मलिदा चालेल तुम्हाला. पुढच्या वेळी आधी कळवून या, खोबरं खवून ठेवते."

बस हॉर्न वाजवत होती. मी त्यांचा नंबर वहीत लिहून घेतला.